शॉर्टसर्किटचे निदान, नव्या डेस्कटॉप संगणकातील

सुटे भाग आणून नव्याने जोडलेल्या संगणकात वीज ठरलेला मार्ग सोडून अगदी कमी रोधाच्या आडवाटेने ग्राउंडकडे (शून्य व्होल्टच्या परतीच्या वाटेकडे) किंवा दुसऱ्या व्होल्टेजच्या रेलकडे (ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या वाहिनीकडे) वळली, की शॉर्टसर्किट होते. बोलण्यात त्याला नुसते ‘शॉर्ट’ म्हणतात. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) मदरबोर्डला मुख्यतः १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. यंत्र बंद असतानाही ५ व्होल्टची एक स्टँडबाय रेल चालू राहते. १२ व्होल्टच्या रेलवर ०.१ ओहमचा मार्ग मोकळा झाला, तर ओहमच्या नियमाने तिथून १२० अँपिअर धावू पाहतात. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेघांना एवढा प्रवाह क्षणभरही सोसत नाही. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेसाठीच्या पॉवर सप्लाय मार्गदर्शिकेत ०.१ ओहमपेक्षा कमी रोध म्हणजे शॉर्ट, अशी व्याख्याच दिली आहे. मुख्य रेलवर अशी स्थिती आली, की सप्लायने स्वतःहून बंद व्हावे आणि बंदच राहावे, असे ती सांगते.

शॉर्टची ओळखीची खूण याच तरतुदीतून येते. बटण दाबताच पंखे जेमतेम अर्धा फेरा घेतात, सप्लायमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळे शांत होते. पुन्हा बटण दाबले तरी बरेच सप्लाय दाद देत नाहीत. भिंतीवरचे बटण बंद करून थोडे थांबावे लागते. इथे पुष्कळजण सप्लायलाच दोष देऊन तो बदलायला निघतात. खरे तर सप्लाय त्या क्षणी आपले काम चोख करत असतो आणि पुढे कुठेतरी वाट चुकली आहे, एवढेच सांगत असतो. मदरबोर्डवरचा स्टँडबायचा दिवाही लागत नसेल, तर सप्लायला वीजच पोहोचत नाही, तो बिघडला आहे किंवा स्टँडबाय रेलच दबली आहे. दिवा लागतो पण बटण दाबल्यावर यंत्र लगेच बंद पडते, तेव्हा संशय मुख्य रेलवर जातो.

प्रत्येक निपचित संगणकात शॉर्ट नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. सप्लायच्या मागचा स्विच बंद राहणे, प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची जोडणी विसरणे, पुढच्या बटणाची तार भलत्या पिनांवर बसणे, रॅम अर्धवट रुतणे, ही नव्या जोडणीतली रोजची कारणे आहेत. डीडीआर५ रॅमचे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्मृतीची जुळणी करण्यात काही मिनिटे काळा पडदा दाखवते. पंखे फिरत राहिले आणि चित्र आले नाही, तर तो बहुधा शॉर्ट नसतो.

नव्या यंत्रातले बहुतेक शॉर्ट यांत्रिक असतात: धातू नको तिथे टेकलेला असतो. पहिला संशयित म्हणजे स्टँडऑफ, मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणारे पितळी खुंट. कॅबिनेटमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या बोर्डांसाठी भोके असतात आणि काही खुंट कारखान्यातूनच बसवून येतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा खुंट उरला, तर तो मागच्या बाजूच्या सोल्डरच्या टोकांना टेकतो. खुंट न लावता बोर्ड थेट पत्र्यावर आवळणे ही नवशिक्याची याहून मोठी चूक. बोर्डाच्या भोकांभोवतीची चकचकीत कडी मात्र मुद्दामच ग्राउंडला जोडलेली असते; तिथे खुंट आणि स्क्रू टेकायलाच हवेत. म्हणून जुन्या सवयीने कागदी किंवा फायबरचे वॉशर घालायची गरज नाही.

दुसरा संशयित म्हणजे मागच्या पोर्टांभोवतीचा पत्रा, आय-ओ शील्ड. त्याच्या स्प्रिंगसारख्या पात्या बोर्ड सरकवताना यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात शिरतात आणि आतल्या पिनांना चिकटतात. बाहेरून निरखून पाहिले तर लगेच दिसतात. बोर्डाखाली घरंगळलेला स्क्रू, वाकून शेजारणीला टेकलेली यूएसबी हेडरची (बोर्डावरच्या यूएसबी तारेच्या जोडणीची) पिन, ग्राफिक्स कार्डाच्या पाठीशी घासणारी पत्र्याची धार, हेही तपासावे. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटकडेही पाहावे: इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये १७०० आणि एएमडीच्या एएम५ मध्ये १७१८ केसासारख्या पिना असतात. त्यातली एक जरी आडवी होऊन दुसरीला टेकली, तरी यंत्र बंद पडू शकते. भिंग आणि तिरका प्रकाश घेऊनच ते दिसते. प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची नेहमीची थर्मल पेस्ट सहसा वीजवाहक नसते, पण गॅलियमयुक्त द्रव धातू पक्का वाहक असतो आणि त्याचा एक थेंब सॉकेटजवळ ओघळला तरी पुरतो.

सर्वांत घातक चूक मात्र तारांची असते. मॉड्युलर सप्लायच्या तारा सुट्या करता येतात, पण सप्लायकडच्या टोकाची पिनरचना निर्मात्यागणिक, कधी एकाच निर्मात्याच्या दोन मालिकांतही, वेगळी असते. जुन्या सप्लायची तार नव्याला चपखल बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क कायमची जळते. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची जोडणी दिसायला सारखी, पण धन आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. जोडणी जोर लावल्याशिवाय बसत नसेल, तर ती तिथली नाही असे समजावे.

शोध सुरू करताना बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहणे आधी थांबवावे, कारण प्रत्येक प्रयत्नात तोच प्रवाह त्याच दुबळ्या जागेवर आदळतो. जळका वास किंवा धूर आला असेल, तर पुन्हा चालू करूच नये. प्लग काढून बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या भागांतला) उरलेला भार ओसरतो. मग मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, कारण तिचा पृष्ठभाग थोडीफार वीज वाहू शकतो. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवून सप्लाय जोडावा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. बाहेर यंत्र चालले, तर दोष कॅबिनेट, त्याच्या तारा किंवा वगळलेल्या भागांत आहे. चालले नाही, तर शोध उरलेल्या पाच भागांपुरताच उरतो. पुढे एकेक भाग वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी प्लग काढूनच हात घालावा. कंटाळवाणे वाटले तरी एकावेळी दोन भाग बदलू नयेत. दोष नाहीसा होतो, पण कोणता होता ते कळत नाही.

मल्टिमीटर वापरताना प्लग काढलेला आणि सप्लायकडून मदरबोर्डला येणारी २४ पिनांची मुख्य जोडणी सोडवलेली असावी. बोर्डावरच्या त्या जोडणीच्या सॉकेटमधील १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या पिना व ग्राउंड यांच्यातला रोध मोजावा. कपॅसिटर भरत असल्याने आकडा हळूहळू चढताना दिसतो. तो शून्याजवळच अडकला तर शॉर्टचा संशय घ्यावा. इथे बीप देणाऱ्या कंटिन्युइटी मोडवर विसंबू नये. पुष्कळ मीटर काही दशक ओहमपर्यंतच्या रोधालाही बीप देतात. प्रोसेसरच्या गाभ्याला वीज देणाऱ्या कॉइलपाशी तर एक ओहमच्या आसपासचा रोधही स्वाभाविक असतो, कारण प्रोसेसर स्वतःच तेवढा कमी रोधाचा आहे. ती बीप ऐकून धडधाकट बोर्ड बाद ठरवले जातात.

सप्लाय एकटा तपासण्यासाठी सगळ्या तारा सुट्या करून २४ पिनांच्या जोडणीतली १६ वी पिन, बहुधा हिरवी, शेजारच्या काळ्या ग्राउंडशी जोडतात. पंखा फिरला तर तो सुरू होतो एवढेच सिद्ध होते. ओझ्याखाली टिकेल याची ती हमी नव्हे. काही सप्लायचा पंखा ओझ्याशिवाय फिरतच नाही, म्हणून १२ व्होल्टची रेल ११.४ ते १२.६ च्या मर्यादेत आहे का, हे मीटरने पाहावे. सप्लायचे खोके मात्र उघडू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या घरात भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

शॉर्ट बोर्डाच्या पोटातच असेल, तर तो बहुधा तडकलेल्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये किंवा फुटलेल्या मॉसफेटमध्ये (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये) सापडतो. दुरुस्ती करणारे मर्यादित प्रवाहाची वीज सोडून बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरतात. जिथे ते आधी सुकते, तिथे उष्णता आणि दोष. नव्या बोर्डावर हे प्रयोग करण्यापेक्षा हमीत परत देणे शहाणपणाचे.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, तो प्रकार या सर्वांहून वेगळा. सप्लायच्या गाळणीतले (फिल्टरमधले) कपॅसिटर दोन्ही विद्युत तारांपासून कॅबिनेटला जोडलेले असल्याने, अर्थिंग नसेल तेव्हा पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येते. प्रवाह सहसा अगदी क्षीण असतो. त्यावर मदरबोर्ड बदलून काही होत नाही, भिंतीतली अर्थची तार नीट करावी लागते.