एफईएम दोन वाटांनी का शिकवतात : एका अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

एम.टेक.च्या पहिल्या सत्रात स्ट्रक्चर्सचा विद्यार्थी फायनाइट एलिमेंट मेथडच्या (एफईएम : वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून गणित सोडवण्याची पद्धत) तासाला बसतो, तेव्हा फळ्यावर बहुधा आधी स्प्रिंग येते. दोन नोड (तुकड्यांना जोडणारे बिंदू), एक ताठरता आणि २×२ची स्टिफनेस (ताठरतेची) मॅट्रिक्स. गणित विभागात हाच विषय सोबोलेव्ह स्पेस (फलनांचे अमूर्त समूह) आणि लॅक्स-मिलग्राम प्रमेय (उत्तर असतं आणि एकच असतं, याची हमी) यांपासून सुरू होतो. सत्राच्या शेवटी दोघेही तीच रेषीय समीकरणं सोडवतात, पण एकाची वही दुसऱ्याला वाचता येत नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही. ही पद्धत दोनदा जन्माला आली, आणि दोन्ही घराण्यांची बोली अभ्यासक्रमात तशीच राहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर रिट्झ (१९०९) आणि बोरिस गॅलर्किन (१९१५) यांनी दाखवलं होतं, की अज्ञात फलनाऐवजी काही ठरावीक फलनांची बेरीज धरावी आणि सहगुणक ऊर्जेवरून किंवा अवशेषाच्या (समीकरणात उरलेल्या चुकीच्या) अटीवरून काढावेत. अडचण एकच होती. ही फलनं अख्ख्या क्षेत्रावर पसरलेली आणि सीमेवरच्या अटी पाळणारी हवीत. चौकोनी पत्र्यासाठी साइनची मालिका चालते, पण मधोमध भोक पाडलं की हात टेकावे लागतात. रिचर्ड कूरंट यांनी १९४१च्या व्याख्यानात आणि १९४३ साली छापलेल्या लेखाच्या परिशिष्टात यावर तोड सुचवली. पोकळ चौकोनी दांड्याच्या पिळाचं उदाहरण घेऊन त्यांनी क्षेत्राचे त्रिकोण पाडले आणि प्रत्येक त्रिकोणात फलन रेषीय धरलं. आज ज्याला आपण तीन नोडचा त्रिकोणी एलिमेंट म्हणतो, तो हाच. हातानं आकडेमोड करण्याच्या त्या दिवसांत शेकडो समीकरणं सोडवण्याचं साधन नव्हतं, म्हणून ही कल्पना दहाएक वर्षं तशीच पडून राहिली. त्याच सुमारास, १९४१मध्ये, ह्रेनिकॉफ पत्र्याच्या जागी दांड्यांची जाळी मानून गणित करत होते. कूरंटनी समीकरणाचे तुकडे केले, ह्रेनिकॉफनी वस्तूचे. अभ्यासक्रमातले दोन रस्ते इथूनच फुटतात.

पद्धतीला खरी गरज भेटली ती विमानाच्या पंखात. लांब, सडपातळ पंख बीम मानून चालत होता, पण जेट विमानांचा आखूड, त्रिकोणी डेल्टा पंख बीमसारखा वागत नाही. बोइंगमध्ये एम. जे. टर्नर यांच्या गटात बर्कलीचे प्राध्यापक रे क्लफ १९५२च्या उन्हाळ्यात कामाला आले. आधी त्यांनी पंखाला बीमची जुळणी मानून पाहिलं, तर उत्तरं प्रयोगाशी जुळेनात. पुढच्या उन्हाळ्यात पंखाच्या पत्र्याचे त्रिकोणी आणि आयताकृती तुकडे धरून त्यांची स्टिफनेस थेट काढली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा लेख १९५६ साली आला. त्यातला त्रिकोण म्हणजे तीन नोड, सहा विस्थापनं, ६×६ची मॅट्रिक्स आणि संपूर्ण तुकड्यात एकच विकृती (लांबी-आकारातला सापेक्ष बदल). युरोपात जॉन आर्गिरिस यांनी १९५४-५५च्या लेखमालेत ऊर्जेची तत्त्वं मॅट्रिक्सच्या भाषेत मांडली होती. दोघांच्याही मागे डिजिटल कॉम्प्युटर उभा होता. कूरंटना तोच मिळाला नव्हता.

‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० साली पिट्सबर्गच्या परिषदेतल्या लेखात वापरलं. विमानाबाहेरचं पहिलं मोठं काम लगेच आलं. अमेरिकेत आर्कान्सामधल्या नॉरफोर्क या काँक्रीटच्या धरणाला तापमानामुळे उभी भेग गेली होती, आणि भेग धरून ताण काढायचे होते. क्लफ आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी हे गणित १९६२मध्ये मांडलं. भेग, पाया आणि अनियमित आकार एकाच जाळ्यात बसतात हे स्थापत्य अभियंत्यांना दिसलं आणि पद्धत पसरली. धरणांच्याच गणितातून चीनमध्ये फेंग कांग यांनी १९६५मध्ये ही पद्धत स्वतंत्रपणे उभी केली, आणि तीही सिद्धतेसकट.

अभियंत्यांचा वेग मोठा होता, पण प्रत्येक नवा एलिमेंट खात्रीचा नव्हता. १९६५ साली पत्र्याच्या वाकण्यासाठी एक त्रिकोणी एलिमेंट आला. शेजारच्या एलिमेंटशी त्याचा उतार जुळत नव्हता, आणि तरीही उत्तर चांगलं यायचं. मात्र ते फक्त विशिष्ट दिशांच्या रेषांनी आखलेल्या मेशवर (एलिमेंटच्या जाळ्यावर). दुसऱ्या आखणीत मेश कितीही बारीक केला तरी ते चुकीच्या आकड्याकडेच जायचं. यातून ब्रूस आयर्न्स यांनी पॅच टेस्ट काढली. चार-पाच वाकड्यातिकड्या एलिमेंटचा ठिगळ घ्यायचा, आतला निदान एक नोड मोकळा ठेवायचा आणि कडेच्या नोडना रेषीय विस्थापन द्यायचं. आतल्या प्रत्येक गाउस बिंदूवर (इंटिग्रेशनसाठी एलिमेंटमध्ये निवडलेल्या बिंदूवर) तीच एक विकृती कॉम्प्युटरच्या अचूकतेइतकी यायला हवी. ‘जवळपास बरोबर’ ही इथे नापासाची खूण आहे. आजही स्वतः लिहिलेल्या एलिमेंटची पहिली परीक्षा हीच, आणि ती नेहमी वाकड्या मेशवरच घ्यावी. चौकोनी मेशवर जॅकोबियनच्या (वाकड्या एलिमेंटचा आकार हिशेबात घेणाऱ्या मॅट्रिक्सच्या) चुका लपतात.

दुसरा तिढा लॉकिंगचा, म्हणजे एलिमेंट खोटा ताठर होण्याचा, आणि तो आकड्यांतच पाहावा. टिमोशेंको बीमचा (वाकण्यासोबत शिअर, म्हणजे कापांचा सरकाव, धरणाऱ्या बीमचा) दोन नोडचा एलिमेंट घ्या. विस्थापन आणि फिरण, दोन्ही रेषीय. एका टोकाला जखडलेल्या आणि दुसऱ्या टोकाला भार असलेल्या बीमची लांबी जाडीच्या १०० पट आहे, काप आयताकृती आहे, प्वासाँ गुणोत्तर ०.३ आणि शिअरचा सहगुणक ५/६ आहे. एकच एलिमेंट घेऊन पूर्ण इंटिग्रेशन केलं तर टोकाचं विस्थापन खऱ्याच्या सुमारे ०.०३ टक्के येतं. १० मिलिमीटरच्या जागी ०.००३ मिलिमीटर. दहा एलिमेंट घेतले तर सुमारे ३ टक्के. शंभर घेतले तरी जेमतेम ७६ टक्के.

कारण साधं आहे. पातळ बीममध्ये शिअरची विकृती शून्याकडे जायला हवी. ती म्हणजे विस्थापनाच्या उतारातून वजा केलेलं फिरण. रेषीय विस्थापनाचा उतार एलिमेंटभर स्थिर असतो, पण फिरण बदलतं. फरक सगळीकडे शून्य व्हायचा तर फिरणही स्थिर झालं पाहिजे, आणि तसं झालं की वाकणंच संपलं. शिअरची ऊर्जा एकाच मधल्या बिंदूवर मोजली की ही खोटी अट सुटते. मग एका एलिमेंटनं ७५ टक्के आणि दहांनी ९९.७५ टक्के उत्तर येतं. कमी बिंदूंवर इंटिग्रेशन करण्याची ही युक्ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाली. तिची किंमतही असते. चार नोडच्या चौकोनाला एकच बिंदू दिला तर स्टिफनेस मॅट्रिक्सची पाच आयगेनव्हॅल्यू शून्य होतात, म्हणजे पाच हालचालींना ताठरताच उरत नाही. तीन वस्तूच्या अख्ख्या हालचालीच्या, त्या हव्यातच. उरलेल्या दोन अवरग्लासच्या, म्हणजे ताणाशिवाय आकार बदलू देणाऱ्या. एलिमेंट लिहिल्यावर या आयगेनव्हॅल्यू मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यानं पुढचे आठवडे वाचतात.

लॉकिंगच्या उकलीत भारतीय काम ठळक आहे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमधले गंगन प्रताप आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात फील्ड कन्सिस्टन्सीचं तत्त्व मांडलं. विकृतीच्या सूत्रातल्या दोन पदांचे घात जुळत नसतील तर खोट्या अटी कुठून येतात आणि किती ताठरपणा वाढतो, हे त्यातून आधीच सांगता येतं. वरचे ३ आणि ७६ टक्के अशाच सूत्रातून निघतात. पवईच्या आयआयटीतले तरुण कांत यांनी ओवेन आणि झिएनकीविच यांच्यासोबत १९८२ साली जाड पत्र्यासाठी उच्च श्रेणीच्या सिद्धान्तावरचा एलिमेंट दिला. कंपोझिट पत्र्यांवरचं मुंबईतलं पुढचं बरंच काम त्या दिशेनं झालं.

गणितज्ञ उशिरा आले, पण तयारी घेऊन. सेआ यांचं १९६४चं अनुमान सांगतं, की गॅलर्किनच्या उत्तराची चूक निवडलेल्या फलनांतल्या सर्वोत्तम उत्तराच्या चुकीच्या फार तर एका स्थिरांकाइतक्या पट असते. म्हणजे प्रश्न फक्त त्या फलनांनी खरं उत्तर किती जवळून पकडता येतं एवढाच उरतो. लॉकिंगचं मर्मही इथेच आहे. जाडी कमी होते तसा तो स्थिरांक फुगत जातो. दाब आणि वेग अशी दोन अज्ञातं एकत्र असली की एवढं पुरत नाही. तिथे बाबुश्का (१९७१) आणि ब्रेझी (१९७४) यांची, दोन्ही अज्ञातांच्या फलनांचा मेळ बसावा अशी, अट लागते. ती मोडली की दाबाचं चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं येतं. स्ट्रँग आणि फिक्स यांनी १९७३ साली पॅच टेस्टला आणि अपुऱ्या इंटिग्रेशनला गणिती चौकटीत बसवलं, आणि अशा नियमभंगांना ‘व्हेरिएशनल क्राइम्स’ म्हटलं. अभियंत्यांचे चाललेले आणि फसलेले प्रयोग तिथे कारणांसकट उलगडतात. म्हणूनच माझ्या मते हे प्रकरण स्ट्रक्चर्सच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्या सत्रापर्यंत लांबवू नये.

मेश आणि ताण यांबाबत हलगर्जी किती महाग पडते, याचं नोंदलेलं उदाहरण नॉर्वेतलं आहे. २३ ऑगस्ट १९९१ला स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया, २४ पोकळ कोठड्यांचा, बुडवण्याच्या चाचणीत फुटून तळाशी गेला. कोठड्यांच्या मधल्या त्रिकोणी सांध्यात एलिमेंट मोठे आणि तिरके होते, त्यामुळे शिअरचा ताण ४७ टक्के कमी निघाला होता. शिवाय तिथल्या लोखंडाची पकडही अपुरी होती. नंतर नीट केलेल्या विश्लेषणानं भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं दाखवलं. ती प्रत्यक्षात फुटली ६५ मीटरवर. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. विस्थापनं बऱ्या मेशवर लवकर जुळतात. ताण त्यांच्या विकलनातून येतो, म्हणून एक पायरी मागे राहतो, आणि अशाच ठिकाणी फसवतो.

म्हणून आजच्या अभ्यासक्रमात मेश निमपट करत जाऊन चुकीचा आलेख लॉग-लॉगवर काढण्याचा गृहपाठ असतो. रेषीय एलिमेंटसाठी विस्थापनाच्या चुकीचा उतार २, आणि विकृतीच्या चुकीचा १ यायला हवा. कमी आला तर विद्यार्थी आधी आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधतो, आणि बहुतेकदा ती तिथेच असते. पण प्वासाँ समीकरणाच्या (उदाहरणार्थ पिळाच्या) प्रश्नात, एल आकाराच्या क्षेत्रात, २७० अंशांच्या आतल्या कोपऱ्यापाशी, प्रोग्रॅम बिनचूक असूनही हे उतार ४/३ आणि २/३ येतात. खरं उत्तरच तिथे कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या २/३ घातानं बदलतं आणि विकृती अनंताकडे जाते. एकसारखा मेश बारीक करून हे सुटत नाही. कोपऱ्याकडे जाताना एलिमेंट क्रमानं पुरेसे लहान करत गेलं, की तेवढ्याच नोडच्या हिशेबात विकृतीच्या चुकीचा उतार पुन्हा १वर येतो.