लॅबमधली कातडी: स्वतःची की भ्रूणपेशींची?

गुऱ्हाळावर काहिलीतला रस अंगावर सांडून माणूस भाजला, की सांगली-मिरजेच्या दवाखान्यात कुणीतरी 'स्टेम सेलची कातडी' लावायचं सुचवतं. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मांडीवरची कातडी काढून जखमेवर लावतात, ती या दोन्हींत येत नाही. बाळाची नाळ जपणाऱ्या बँकांचाही इथे संबंध नाही.

पहिली, रुग्णाच्या स्वतःच्या कातडीपासून वाढवलेली. १९७५ मध्ये अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी कातडीच्या पेशी डिशमध्ये वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये बॉस्टनमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना असे पापुद्रे लावले आणि दोघं वाचले. या पेशी उसाच्या टिपरीसारख्या: लावलं ते वाणच उगवतं. शरीर त्यांना परकं मानत नाही. पण पापुद्रा तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि उघड्या जखमेतून पाणी झिरपत राहतं, जंतू शिरतात. माणूस जातो तो बऱ्याचदा याच काळात.

दुसरी, भ्रूणाच्या मूलपेशींपासूनची (मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल). जेमतेम पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातल्या या पेशींचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. त्या कातडी होतील, तशा हृदयाच्याही होतील. १९९८ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातल्या अशा पेशी पहिल्यांदा वेगळ्या वाढवल्या. २००९ मध्ये फ्रान्समध्ये मार्क पेशांस्की यांच्या गटानं त्यांना बीएमपी-४ हे प्रथिन आणि क जीवनसत्त्व देत सुमारे ४० दिवसांत कातडीच्या पेशींकडे वळवलं. त्यांचा थर उंदरांवर लावला, तेव्हा १२ आठवड्यांनी तिथे माणसाच्या बाह्यत्वचेसारखेच थर दिसले.

मग ४० दिवस तीन आठवड्यांपेक्षा बरे कसे? कारण हे काम अपघाताआधीच उरकून पेशी गोठवून ठेवता येतात. मला यातली खरी ताकद इथेच वाटते. मात्र त्या परक्याच, त्यामुळे शरीर नाकारण्याची भीती राहते. म्हणून त्यांचा विचार झाला तो स्वतःची कातडी तयार होईपर्यंतचं तात्पुरतं झाकण म्हणून. घामाच्या ग्रंथी आणि केस दोन्हींतही नसतात.

भ्रूणपेशींची कातडी अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार असे प्रयोग मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. कुणी पैसे घेऊन ती लावतो म्हणालं, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.