रानबदकाचे व्यंग असलेले पिल्लू सापडल्यास: कळवण्याची पद्धत, पात्रता व कागदपत्रे

पैठणच्या नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब हंस तिबेट-लडाखकडील उंच सरोवरांवर वीण आटोपून आलेले असतात, त्यामुळे त्यांचे नुकते जन्मलेले पिल्लू मराठवाड्यात सापडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतर तळ्याकाठी आढळते ते बहुधा हळदी-कुंकू बदकाचे किंवा अडई या शीळ घालणाऱ्या रानबदकाचे पिल्लू. वन्य पक्षी कोणताही असो, प्रक्रिया एकच आहे.

प्रथम पिल्लू पाळीव नाही याची खात्री करावी. अंगभर पिवळेधमक पिल्लू सहसा पाळीव असते व त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेता येते. हळदी-कुंकू बदकाचे पिल्लू पाठीवर गडद तपकिरी असून त्यावर पिवळसर ठिपके असतात, तर अडईचे काळे-पांढरे असते. पाय किंचित वाकडा असूनही पिल्लू आईमागे पोहत व चरत असेल, तर त्याला हात लावू नये. उत्साहाच्या भरात उचललेली कितीतरी पिल्ले मुळात संकटात नसतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार वन्य प्राणी शासनाची मालमत्ता आहे, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवणे व मागणी झाल्यास तो त्यांच्या हवाली करणे बंधनकारक आहे. कळवण्यास कोणीही नागरिक पात्र आहे. घरी ठेवून उपचार करण्याचा अधिकार मात्र परवानगीशिवाय कोणालाच नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

मुदत ४८ तासांची असली तरी तेवढे थांबू नये. पंखाचे टोक मनगटाच्या सांध्यापासून बाहेर वळलेले असल्यास कोवळ्या वयात पशुवैद्यक तो पंख नैसर्गिक घडीत काही दिवस बांधून सरळ करू शकतात; पिसे पूर्ण वाढल्यावर हा उपाय लागू पडत नाही. म्हणून त्याच दिवशी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयात कळवावे. जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या हद्दीत असाल, तर पिल्लू न उचलता तेथील वन्यजीव कर्मचाऱ्यांना बोलवावे.

दूरध्वनीवर कळवल्यावरही साध्या कागदावर लेखी निवेदन देणे हिताचे. त्यात सापडल्याची तारीख, वेळ, गाव, तळ्याचे नाव, व्यंगाचे वर्णन आणि आपले नाव-पत्ता लिहावा, छायाचित्र व ओळखपत्राची प्रत जोडावी, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. कर्मचारी येईपर्यंत पिल्लू भोके पाडलेल्या खोक्यात, सुती कापडावर, उबदार व शांत जागी ठेवावे. त्याला पाव किंवा दूध देऊ नये, चोचीत पाणी ओतू नये, पंख स्वतः बांधण्याचा प्रयत्नही करू नये.

ताबा देताना पंचनामा झाल्यास तो वाचून मगच सही करावी. पुढे उपचार कोठे करायचे व पक्षी सोडायचा की नाही, हे वनविभाग ठरवतो. पोचपावतीचा संदर्भ देऊन त्याची चौकशी त्याच कार्यालयात करता येते.