नेट नाही, तरी टीव्हीचा गाईड दिसतो कसा?

वर्ल्डकप आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत अर्जेंटिना-ब्राझील सुरू होतं, आणि त्यासोबत एक वाद ठरलेला, मॅच नक्की कुठल्या रात्री? कुणीतरी रिमोट घेऊन गाईड, म्हणजे पडद्यावरचं कार्यक्रमांचं वेळापत्रक, उघडतो आणि दुसरा लगेच म्हणतो, "ते नेटवरनं येतंय, त्याच्यावर इस्वास ठेवू नको." हा गैरसमज लई ठिकाणी ऐकलाय. डिशचा साधा बॉक्स नेटला जोडलेलाच नसतो, तरी गाईड दिसतोच, कारण कार्यक्रमांचं वेळापत्रक चित्र आणि आवाजाबरोबर त्याच सिग्नलमधून येतं.

कसं ते सांगतो, मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. छतावरची डिश फक्त ऐकते, ती सॅटेलाइटला काही विचारू शकत नाही. मग तुम्ही संध्याकाळी सात वाजता बॉक्स चालू केला तर त्याला वेळापत्रक द्यायचं कुणी? उपाय एकच, पाठवणाऱ्यानं ते सारखं पाठवतच राहायचं, स्टँडवर एसटीची अनाउन्समेंट परत परत होते तसं. डिजिटल सिग्नल म्हणजे १८८ बाइटच्या पाकिटांची रांग, प्रत्येक पाकिटावर नंबर असतो आणि डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या ठरलेल्या पद्धतीत १८ नंबर या वेळापत्रकासाठी राखीव आहे. 'आत्ता काय, पुढं काय' हे निदान दर २ सेकंदांनी यायला पाहिजे, पुढच्या आठ दिवसांचं दर १० सेकंदांनी, त्याच्या पलीकडचं दर ३० सेकंदांनी. तीन-तीन तासांचे तुकडे, चार दिवसांचा एक तक्ता, असे १६ तक्ते, म्हणजे जास्तीत जास्त ६४ दिवसांची सोय. प्रत्येक तक्त्याला आवृत्तीचा नंबर असतो, तो बदललेला नसेल तर बॉक्स परत वाचत बसत नाही.

आणि तारीख! तिथं महिना-वार काही नसतं, फक्त १७ नोव्हेंबर १८५८ पासून किती दिवस झाले तो आकडा. १९५७ साली स्पुटनिक या रशियाच्या पहिल्या उपग्रहाचा माग काढताना कॉम्प्युटरला छोटा आकडा हवा होता म्हणून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी ज्युलियन दिनांकातून, म्हणजे फार जुन्या काळापासून सलग मोजलेल्या दिवसांच्या आकड्यातून, २४,००,०००.५ वजा केले, तीच ही मोजणी. २०२२ ची अर्जेंटिना-क्रोएशिया सेमीफायनल घ्या. या पद्धतीत तिची सुरुवात म्हणजे दिवस ५९९२६, वेळ १९:००. ही जागतिक वेळ, बॉक्स त्यात साडेपाच तास मिळवतो, मग १३ डिसेंबरचे मंगळवारचे सात वाजलेले असतात ते आपल्याकडे मंगळवारची मध्यरात्र उलटून बुधवार लागल्यावरचे साडेबारा होतात. पेठेतला वाद तिथंच मिटतो.

आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात अहर्गण असायचं, कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे, कल्पना हीच आणि फार हुशारीची. पण म्हणून सेटटॉप बॉक्स वेदात होता असले मेसेज फिरवू नका, आणि या मोजणीत शुभ-अशुभ दिवसही नसतात, ५९९२६ नंतर ५९९२७ येतो एवढंच.

परत परत पाठवायची युक्ती डिजिटलच्याही आधीची. बीबीसीची सीफॅक्स सेवा १९७४ पासून चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत मजकुराची पानं फिरवत होती, ती २०१२ ला बंद झाली. छापील बाजूला कार्यक्रमांचं वेळापत्रक देणारं ब्रिटनचं साप्ताहिक रेडिओ टाइम्स १९२३ चं. अमेरिकेचं टीव्ही गाईड १९५३ ला देशभर निघालं आणि १९७० च्या दशकात त्याचा खप जवळजवळ २ कोटी होता, तेच साप्ताहिक २००८ ला चक्क १ डॉलरला विकलं गेलं! आपल्या पेपरातला 'आज दूरदर्शनवर' चा चौकोनही असाच आक्रसत गेला. गाईड टीव्हीतच फुकट आल्यावर कागदावरचा कोण घेणार, आणि पुढं मोबाईलवर पाहिजे तेव्हा पाहिजे ते बघता यायला लागल्यावर वेळेलाच किंमत राहिली नाही.

पण अॅपची यादी तुम्ही काय बघितलं ते लक्षात ठेवून बनते, हा गाईड मात्र सगळ्यांना एकच जातो आणि कोण बघतंय ते पाठवणाऱ्याला कळतसुद्धा नाही, मला हे फार मोलाचं वाटतं. लाइव्ह मॅचला आणि बिनपैशाच्या डीडी फ्री डिशवाल्या घरांना तो अजून लागतोच. त्यामुळं एका गोष्टीकडं आत्ताच बघायला पाहिजे, दिवसाच्या आकड्याला जागा फक्त १६ बिट आहे, म्हणजे ६५५३५ पर्यंतच. तो आकडा २२ एप्रिल २०३८ ला येतोय. त्याच्या आत बॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं नाही तर दुसऱ्या दिवशी मोजणी शून्यावर, म्हणजे परत १८५८ मध्ये.