अखंड जंगलांचा नकाशा नेमका आला कुठून

जगात जंगल किती उरलंय हा प्रश्न जुनाच, पण न तुटलेलं जंगल किती उरलंय हा प्रश्न तसा अलीकडचा, जेमतेम तीसेक वर्षांचा. त्याआधी जगाच्या जंगलांचा हिशेब म्हणजे एफएओचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे, आकडे, आणि ते बहुतेक करून त्या त्या देशाच्या सरकारनेच भरून पाठवलेले. त्यात ओळीने लावलेली निलगिरी पण जंगलाच्या बेरजेत आणि कधीच कुऱ्हाड न लागलेलं रान पण त्याच बेरजेत. एकूण आकडा बघून आत काय चाललंय ते कळायचा मार्गच नव्हता.

सॅटेलाइट नव्हते असं नाही, जमिनीचे फोटो काढणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह 1972 लाच वर गेला. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधल्या रोंडोनिया राज्यातून जाणारा हायवे 1984 मध्ये डांबरी झाला आणि मग वरून काढलेल्या फोटोंत माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसायला लागली, मधे मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या दोन्ही बाजूंनी साफ केलेली जमीन. 1993 मध्ये स्कोल आणि टकर या दोन संशोधकांनी अ‍ॅमेझॉनचे असेच फोटो मोजून दाखवलं की 1988 पर्यंत प्रत्यक्ष तोड 2 लाख 30 हजार चौ. किमी होती, पण तोडीला लागून असलेली कड आणि मधे अडकलेले तुकडे धरले तर धक्का लागलेलं जंगल 5 लाख 88 हजारावर जातं, म्हणजे अडीच पट! माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे, कारण झाडं मोजून भागत नाही, तुकडे मोजावे लागतात हे यात आकड्यानिशी आलं.

मग 1997 मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेचा रिपोर्ट आला, की मूळ जंगलापैकी सलग, फारसं न बिघडलेलं असं साधारण पाचवा हिस्साच शिल्लक आहे आणि त्यातला मोठा वाटा रशिया, कॅनडा, ब्राझील या तिघांकडे. गाजला खूप, पण त्यातला बराचसा भाग जाणकारांना विचारून आखलेला होता, त्यामुळे ही सीमा इथेच का असं कोणी विचारलं तर उत्तर अवघड.

ते उत्तर रशियात मिळालं. तिथल्या पर्यावरणवाल्या संस्थांनी लँडसॅटचे फोटो घेऊन 2002 मध्ये अख्ख्या देशाचा अ‍ॅटलस काढला, आणि त्यांची युक्ती उलटी होती. चांगलं जंगल शोधत बसायचं नाही, माणसाच्या खुणा शोधायच्या, रस्ता, रेल्वे, पाइपलाइन, तोडीचे चौकोन, खाणी, आणि त्यांच्या आजूबाजूची पट्टी धरून सगळं खोडत जायचं, शेवटी जे उरेल ते अखंड. तैगा, म्हणजे उत्तरेकडचं थंड प्रदेशातलं सूचिपर्णी रान, हे न संपणारं जंगल असं सगळे धरून चाललेले, तिथे अखंड निघालं ते फक्त पाव हिस्सा.

हीच पद्धत मग जगभर लावली, 2006 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने नकाशा जाहीर केला आणि 2008 मध्ये पोतापोव्ह आणि इतर संशोधकांचा त्यावरचा पेपर आला. नियम असे की तुकडा किमान 500 चौ. किमी हवा, किमान 10 किमी रुंद हवा आणि रस्त्यापासून दोन्हीकडे 1 किमी वजा. आता हे कसं चालतं बघा. 30 बाय 30 किमीचा तुकडा घ्या, 900 चौ. किमी. मधून एक सरळ रस्ता गेला तर वजा होतात 60, पण उरलेले दोन तुकडे प्रत्येकी 420 चे, दोन्ही 500 च्या खाली, म्हणजे अख्खे 900 नकाशावरून गायब. झाडं कितीशी तोडली असतील? म्हणून अनेकांना हा नियम जाचक वाटतो, आणि 500 हाच आकडा का याला खरं तर ठोस शास्त्रीय उत्तर नाही, कुठेतरी रेघ ओढायची होती एवढंच.

दरम्यान 2008 मध्ये लँडसॅटचे फोटो फुकट झाले. आधी एकेका फोटोला 600 डॉलर पडायचे, तेव्हा जग मोजायचं म्हणजे काय बजेट लागत असेल! 2013 मध्ये हॅन्सन या संशोधकाच्या टीमने गूगलच्या मदतीने 30 मीटरच्या बारकाईने जगभरची वृक्षतोड दाखवली आणि 2017 मध्ये अखंड जंगलांचा पुढचा हिशेब आला. 2000 ते 2013 मध्ये 9 लाख 19 हजार चौ. किमी गेलं, म्हणजे 2000 मध्ये जेवढं अखंड होतं त्याच्या 7.2 टक्के. कारणांत लाकूडतोड 37 टक्के, शेती आणि चराई 28 च्या आसपास, मग वणवे, मग खाणी आणि तेल-गॅस. रोमानियाचं तर नावच अखंड जंगल असलेल्या देशांच्या यादीतून गेलं.

यातून भांडण व्हायचंच होतं. जंगल जपून काढलेलं लाकूड असा शिक्का देणाऱ्या एफएससीने (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) 2014 च्या स्पेनमधल्या सेव्हिलच्या सभेत ठराव 65 करून हा नकाशा थेट आपल्या नियमांत आणला, तेव्हा काँगो खोऱ्यातल्या लाकूड कंपन्यांनी कुरकूर केली की आम्ही हेक्टरी एखाद-दोन झाडं काढतो, काम झालं की रस्ता सोडून देतो, काही वर्षांत तो झाडीत बुजतो. मुद्दा अगदीच खोटा नाही. फक्त रस्ता बुजेपर्यंत शिकारी आणि कोळसावाले त्याच वाटेने आत जाऊन येतात, आणि ते सॅटेलाइटच्या फोटोत दिसत नाहीत.