उघड्या जीपमधले वीस डोळे

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात सहलीची उघडी गाडी सिंहापासून अवघ्या पंधरा-वीस मीटरवर थांबते, गाईड बोटाने दाखवतो, तरी गाडीतल्या निम्म्या लोकांना सिंह दिसत नाही. सिंह दिवसाचे वीस-वीस तास पडून असतो. त्याचा रंग वाळलेल्या गवताचा, आणि आपली नजर टिपते ती आधी हालचाल. हलत नाही ते गवतात विरून जातं.

गाईड अख्खा प्राणी शोधतच नसतो. उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ दिसली तर ती रानरेड्याची पाठ असू शकते. फडकणारा कान, झाडाच्या फांदीवरून लोंबणारी शेपटी, असे तुकडे त्याची नजर वेचते. डच पक्षिशास्त्रज्ञ ल्यूक टिनबर्गन यांच्या 1960 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं आहे, की पक्षी एखादी अळी वारंवार सापडू लागली की तिची प्रतिमा मनात ठसवतात आणि मग ती झपाट्याने टिपतात. माणसाच्या नजरेलाही अशी सवय लागते. म्हणून पहिल्या दिवशी चाचपडणारे पर्यटक दोन-तीन फेऱ्यांनंतर स्वतःहून ‘थांबा, थांबा’ म्हणू लागतात.

गटाने जाण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. इंपाला हरणांचा कळप चरताना पाहा. एक मान खाली घालतं तेव्हा दुसऱ्याची वर असते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड पुलियम यांनी 1973 मध्ये याचं गणित मांडलं: कळप जितका मोठा, तितकी शत्रू वेळेत दिसण्याची शक्यता जास्त आणि प्रत्येकाला चरायला मिळणारा वेळही जास्त. पण प्रत्येकजण स्वतंत्रपणे मान वर करतो, हे त्या गणितात गृहीत आहे. गाडीतले दहाही जण एकाच बाजूला कॅमेरे रोखून बसले, तर दुसऱ्या बाजूने बिबट्या निघून जाईल. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, कुणी मागे आणि एकाने तरी वर झाडांकडे पाहायचं, हे गाडी निघण्याआधीच वाटून घ्यावं.

शिवाय जंगलातले डोळे फुकट मदतीला असतातच. इंपाला नाकातून जोरात फुस्कारलं आणि सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या, तर हरणांचे फोटो काढत बसू नये. ती जिकडे बघताहेत तिकडे बघावं. ताडोबात चितळाचा किंवा वानराचा कॉल ऐकून गाडी वळवली जाते, तोच हा प्रकार. आफ्रिकेतली व्हर्वेट माकडं तर बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात. केनियात संशोधकांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून परत ऐकवले. बिबट्याच्या आवाजाला माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या आवाजाला त्यांनी वर पाहिलं, सापाच्या आवाजाला जमिनीकडे.

सगळ्यात सुंदर उदाहरण काळ्या गेंड्याचं. त्याची नजर अधू. पाठीवर बसून गोचिडी खाणारा लाल चोचीचा ऑक्सपेकर मात्र चाहूल लागताच ओरडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. चालत येणारा माणूस एकट्या गेंड्याला सरासरी 27 मीटरवर कळत होता, तर पाठीवर पक्षी असलेल्या गेंड्याला 61 मीटरवर. पक्षी ओरडला की गेंडा वळायचा तो वारा येतो तिकडे पाठ करून, म्हणजे जिथून वास येत नाही आणि शत्रू येण्याची भीती असते त्या बाजूला तोंड करून. म्हणून झुडपांवर ऑक्सपेकर घिरट्या घालताना दिसले, तर खाली मोठं जनावर असण्याची शक्यता बरीच असते.

महिन्याचंही महत्त्व आहे. जून ते सप्टेंबर हा क्रुगरचा कोरडा काळ. पानं झडतात, गवत आडवं होतं, डबकी आटतात आणि जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात. आपल्याकडच्या पुष्कळ सहली मे किंवा दिवाळीच्या सुट्टीत निघतात. मेमध्ये गवत अजून उंच असतं आणि दिवाळीच्या सुमारास तिकडे पावसाची सुरुवात होऊन झाडी हिरवी होऊ लागते. रजा जुळवता आली, तर सप्टेंबर निवडावा.