जुनं सिम्बल वाजवून घेताना नेमकं काय ऐकायचं

उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभारवाड्यात माठ घ्यायला गेलं की आपण काय करतो, बोटाने टिचकी मारतो, कान देतो, खणखणीत वाजला तर घेतो आणि बद्द वाजला तर परत खाली ठेवतो. हे आजीपासून सगळ्यांना येतं. पण ड्रमचं जुनं सिम्बल, म्हणजे ड्रमसेटवरची काठीने वाजवायची धातूची ताटली, घ्यायची वेळ आली की चांगले वाजवणारे लोकसुद्धा आधी कंपनीचा ठसा बघतात, मग फोनवर किंमत शोधतात आणि आवाज सगळ्यात शेवटी, तोही दोन ठोके मारून.

मीही तसंच केलं होतं. काही वर्षांपूर्वी पुण्यातच एकाकडून २० इंची राईड, म्हणजे सतत ताल धरायचं मोठं सिम्बल, घेतली, ठसा स्वच्छ, आरशासारखी चकचकीत, पैसे देऊन मोकळा झालो. तीन आठवड्यांनी मधल्या घुमटाच्या, म्हणजे बेलच्या मुळाशी, नखाएवढी चीर दिसली. पॉलिशचा मसाला त्या चिरेत बसला होता, म्हणून घेताना दिसली नाही. पण ती ऐकू आली असती, हे मला नंतर कळलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

आधी धातूचं बघू, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. चांगल्या जुन्या सिम्बलमध्ये साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं, म्हणजे जवळजवळ आपलं कासंच. उन्हाळ्यात पाय घासायला घरात काशाची वाटी असते ना, ती हातातून पडली की किती वेळ वाजत राहते आठवा, आणि हेही आठवा की पितळेच्या भांड्याला पोचा पडतो पण काशाचं भांडं सरळ तडकतं. सिम्बलचं अख्खं नशीब या दोन गोष्टींत आहे. कथील जास्त म्हणून धातू कडक, कडक म्हणून कंपन आत लवकर मरत नाही, आणि त्याच कडकपणामुळे चीर जाते. यात गंमत अशी की पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर ते कडक होतं, हे कासं मात्र तसं केलं की उलट नरम पडतं आणि मगच ते हातोडीखाली घेता येतं. हळूहळू गार होऊ दिलं तर ठिसूळ होतं, ठोकायला गेलं की फुटतं. स्वस्त सिम्बल पितळेची असतात, तांबं आणि जस्त, ती लवकर गप्प होतात. मधे ८ टक्के कथिलाची पत्र्यातून कापलेली पण येतात, त्यांना वाईट म्हणू नका, रॉकमध्ये त्यांचा आवाज बाकीच्या वाद्यांतून फार छान वर येतो.

मग येते हातोडी. कसब्यातल्या तांबट आळीत कधी गेला असाल तर मठारकाम बघितलं असेल, ठोक्याला ठोका लावत भांडं घट्ट करतात आणि वर ती गोल गोल चमक उमटते. सिम्बलवरही तेच होतं, फक्त इथे प्रत्येक ठोका आवाज बदलतो, कारण ठोका बसला तिथे धातू दबतो, ताणला जातो, आणि शेजारच्या भागापेक्षा वेगळा वागायला लागतो. झिल्जियन घराण्याचा सिम्बल बनवायचा धंदा १६२३ पासूनचा, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमधला. १९२९ मध्ये त्यांचा अमेरिकेतला कारखाना सुरू झाला, पण इस्तंबूलमध्ये हाताने ठोकलेली के शिक्क्याची सिम्बल पार सत्तरच्या दशकापर्यंत बनत होती आणि जॅझवाले ज्यांच्यासाठी जीव टाकतात ती हीच. हाताचं काम असल्यामुळे एकाच मापाच्या, एकाच शिक्क्याच्या दोन सिम्बलमध्ये दोन-तीनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो, त्यामुळे ठसा बघून आवाज कळला असं होत नाही.

काठी पडते तेव्हा आत जे होतं ते मला सगळ्यात भारी वाटतं. सिम्बल म्हणजे पातळ, जरा फुगीर ताटली, आणि ती एकाच सुरात हलत नाही, तिचे भाग पाडले जातात, काही वर जातात तेव्हा शेजारचे खाली. हळू मारलं तर हलण्याचे हे वेगवेगळे प्रकार आपापले चालू राहतात. जोरात मारलं की ते एकमेकांत घुसतात, खालच्या सुरांची ताकद वरच्या सुरांकडे वाहायला लागते, आणि म्हणून ३ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपासची ती चमक ठोक्याबरोबर पूर्ण येत नाही, क्षणभर मागून उमलते. क्रॅश, म्हणजे जोरदार फटक्यासाठीचं सिम्बल, मारल्यावर तो फुलत जाणारा श्श्श असतो ना, तो हाच. जुनं सिम्बल ऐकताना ठोका ऐकू नका, ठोक्यानंतरचं ऐका. चमक किती लवकर फुलते, किती भरते, आणि ओसरताना सगळे सूर मिळून ओसरतात की एखादाच किरकिरा सूर मागे राहून कानात खुपतो.

आता वजन. दुकानात जाताना किचनचा डिजिटल काटा बरोबर न्या, लोक बघतात, बघू देत. ताटली दुप्पट जाड केली तर वजन दुप्पट होतं पण ती वाकवायला आठपट जोर लागतो, म्हणून जाड सिम्बलचा सूर वर जातो, काठीची टिकटिक स्पष्ट येते आणि क्रॅश उघडायला जास्त मार लागतो. २० इंचीचं सांगायचं तर १७०० ते १९०० ग्रॅम म्हणजे पातळ, पटकन फुलणारं, २१००-२३०० मध्यम, आणि २५०० च्या वर गेलं की जड राईड, बँडच्या आवाजावर वाजेल पण छोट्या खोलीत त्रास देईल. वक्र जास्त असेल तरी सूर चढतो, बेल मोठी असेल तर आवाज जास्त वेळ वाजत राहतो.

आणि हो, ‘जुनं झालं की आवाज मुरतो’ असं विकणारे नेहमी सांगतात, जणू लोणचंच. माझं मत असं की आपण मुरलेलं म्हणतो त्यात वयाचा वाटा थोडा आणि पातळपणाचा, ठोकण्याचा वाटा खूप जास्त. सिम्बलवरच्या बारीक गोल खाचांत बसलेला मळ आणि काळवटलेला थर वरचे सूर थोडे दाबतो, हे खरं. शिवाय जी वाईट वाजत होती ती कधीच भंगारात गेली, सांभाळून ठेवली गेली ती चांगलीच, म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची सगळी गोड होती असं वाटतं. म्हणून वयाचे पैसे देऊ नका, आवाजाचे द्या.

ऐकायची पद्धत सांगतो. एक मित्र बरोबर घ्या. आधी स्वतः मारा, काठीच्या टोकाने मधल्या भागावर, मग बेलवर, मग काठीच्या खांद्याने, म्हणजे टोकाच्या मागच्या जाड भागाने, कडेवर, पण तेवढ्यावर ठरवू नका. कानाजवळ जो घूं असा खालचा घुमारा येतो तो लांब पोचतच नाही, कारण खालच्या सुरांत शेजारशेजारचे भाग उलटसुलट हलतात आणि त्यांनी ढकललेली हवा एकमेकांना तिथेच खाऊन टाकते. त्यामुळे मित्राला मारायला सांगून तुम्ही पंधरा-वीस फूट मागे जा, जमलं तर दुकानाच्या बाहेर. कितीतरी सिम्बल जवळून गढूळ वाटतात आणि लांबून सुंदर लागतात, उलटंही होतं. ऑनलाइन घेत असाल तर फोनवरच्या क्लिपवर फार भरवसा नको, फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि ओसरताना उचलतो, नेमकं आपल्याला ऐकायचं तेच बदलून जातं. सिम्बल काट्यावर ठेवून काढलेला वजनाचा फोटो, कडेचा आणि बेलच्या खालच्या बाजूचा फोटो मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

चीर शोधायला कडेवरून नख फिरवा, किंवा कापसाचा बोळा, धागा अडकला की थांबून बघा. मधलं भोक गोल आहे का लांबट झालंय ते बघा. कडेवरचे बारीक टोचे चालतील. पण गोल खाचांच्या रेषेत गेलेली चीर असेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा, ती रेषेरेषेने पळत जाते. कडेच्या छोट्या चिरेच्या टोकाला भोक पाडतात ते बरोबर असतं, अणकुचीदार टोकावर ताण गोळा होतो, भोकामुळे तो पसरतो, पण तसं सिम्बल घ्यायचं तर भाव निम्म्याहून खाली पाहिजे. आणि कानाला चीर कळते ती अशी, हळू मारल्यावर शेवटी एक बारीक झर्र येते, चिरेच्या दोन कडा एकमेकांना घासतात ती, आणि आवाज नेहमीपेक्षा लवकर आटपतो. म्हणून अगदी हळू पण मारून बघा, जोराच्या फटक्यात हे लपतं.

घरी आणल्यावर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब, बास. पितांबरी, चिंच, बफ मशीन काही लावू नका, धातू जातो, ठसा जातो आणि नंतर विकताना भावही जातो. स्टँडवर प्लॅस्टिकची नळी आणि फेल्टच्या (नमद्याच्या) नवीन चकत्या घाला, वरचा नट ढिला ठेवा, सिम्बल मोकळं डुललं पाहिजे. माझ्या त्या राईडचं भोक एका बाजूला खाल्लेलं आहे, आधीच्या माणसाने ती राईड वर्षानुवर्षं नळीशिवाय घट्ट आवळून वाजवली होती आणि बेलची चीर बरोबर त्याच बाजूला आहे.